बाबा महाराजांचे मृत्युपत्र

घरात मृत्युपत्राची गोष्ट काढणारा मनुष्य आपल्याकडे दुहेरी संशयास पात्र होतो. वडीलधाऱ्यांना वाटते, याच्या प्रकृतीत काही बिघाड झाला असून तो आपल्यापासून लपवीत आहे. आणि धाकट्यांना वाटते, याच्यापाशी आपल्या कल्पनेहून काही अधिक शिल्लक असावे. मग कोणीतरी "शुभ बोल रे नाऱ्या" म्हणून विषय बंद पाडतो, आणि तो बंद पडल्याचे समाधान विषय काढणाऱ्यालाच सर्वांत अधिक होते. मुलीच्या लग्नाची तजवीज आपण ती पाळण्यात असल्यापासून करतो. विम्याचे हप्ते चुकू देत नाही. वास्तुशांतीचा मुहूर्त चार ठिकाणी विचारून ठरवितो. परंतु जी गोष्ट निश्चित घडावयाची, आणि जिचा मुहूर्त मात्र कोणालाच विचारता येत नाही, तिच्यासंबंधी दोन ओळी लिहून ठेवण्याचे काम आपण 'पुढे पाहू' म्हणून टाकून देतो.

प्रस्तुत लेखकही या दोषातून मुक्त नाही. त्याची कबुली लेखाच्या शेवटी येईलच. तत्पूर्वी महाराष्ट्राला नावाने परिचित असलेल्या एका मृत्युपत्राची हकीकत वाचकांपुढे ठेवावयाची आहे. लोकमान्य टिळकांच्या चरित्रातील 'ताई महाराज प्रकरण' हे शब्द ज्याने ऐकले नाहीत असा सुशिक्षित मराठी वाचक विरळा. त्या प्रकरणात टिळकांवर आलेली किटाळे, त्यांनी दाखविलेली चिकाटी, आणि शेवटी त्यांस मिळालेला न्याय, याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्या साऱ्या वादळाच्या मुळाशी एक कागद होता, व तो कागद एका मरणोन्मुख माणसाने आपल्या आयुष्याच्या अखेरच्या दिवशी केला होता, या गोष्टीकडे जावे तितके लक्ष जात नाही.

मृत्युपत्र ही वस्तू आमच्या धर्मशास्त्रास अपरिचित होती, हे आरंभीच सांगितले पाहिजे. आमच्या स्मृतिकारांना दाय माहीत होता, विभाग माहीत होता, दानही माहीत होते. परंतु 'माझ्या मागे माझे हे अमुक्यास जावे' असे लिहून ठेवण्याची रीत त्यांनी सांगितलेली नाही. मिताक्षरेच्या मताने वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो. जे मुळी आपल्या एकट्याचे नाही, ते बाप मागे ठेवणार तरी कसे? ज्याला काही द्यावयाचे असेल त्याने ते हयातीत द्यावे, असा शास्त्राचा रोख. पुढे इंग्रजी न्यायालयांच्या छायेत ही रीत इकडे आली, आणि बापाच्या हयातीत मुलास हक्क नाही असे मानणाऱ्या दायभागाच्या प्रांतात, म्हणजे बंगालात, ती आधी रुजली. १८७० साली हिंदूंच्या मृत्युपत्रांविषयी पहिला कायदा झाला; तो बंगालकडील मुलखास आणि मद्रास व मुंबई या शहरांस लागू होता. पुण्यासारख्या ठिकाणी मृत्युपत्र लेखीच पाहिजे असे बंधन त्यानंतरही बरीच वर्षे नव्हते. १ जानेवारी १९२७ पासून पुढे मात्र कोणत्याही हिंदूचे मृत्युपत्र लेखी व दोन साक्षीदारांच्या सह्यांचे असले पाहिजे असे ठरले. तेव्हा १८९७ साली आमच्या लोकांच्या हाती हे हत्यार नवेच होते, आणि नवे हत्यार वापरताना हाताला लागावयाचेच.

त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्याची ७ तारीख. पुण्यावर प्लेगचे व रँडच्या खुनाचे सावट होते. टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून २७ जुलै रोजी पकडण्यात आले होते, आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी त्यांस जामिनावर सोडून अवघे तीन दिवस झाले होते. अशा वेळी त्यांचे स्नेही श्री. वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबा महाराज हे आकस्मिक दुखण्याने अंथरुणास खिळले असून घटका मोजीत आहेत, असे वर्तमान आले. बाबा महाराज हे कोल्हापूरच्या पंडित महाराज घराण्यातले, दक्षिणेतील पहिल्या वर्गाचे सरदार. मिळकत मोठी, आणि मिळकतीस शोभेसे कर्जही होते. घरात तरुण पत्नी ताई महाराज, आणि त्या त्या वेळी गरोदर.

मृत्यू उशाशी उभा असता बाबा महाराजांनी मृत्युपत्र केले. टिळक, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे व आणखी काही विश्वासू मंडळी यांस त्यांनी व्यवस्थापक नेमले. मृत्युपत्राचा मथितार्थ असा की, पत्नी गरोदर आहे. तिला मुलगा न झाला, किंवा होऊन अल्पायुषी ठरला, तर घराण्याचे नाव चालावे म्हणून व्यवस्थापकांच्या संमतीने तिच्या मांडीवर शास्त्रोक्त दत्तक द्यावा, आणि मुलगा वयात येईपर्यंत व्यवस्थापकांनी इस्टेट सांभाळावी. त्याच दिवशी बाबा महाराज निवर्तले. ज्याच्या डोक्यावर स्वतःच्या खटल्याची तलवार टांगलेली, त्या टिळकांनी मरणाऱ्या मित्रास 'नाही' म्हटले नाही. सप्टेंबरात त्यांस दीड वर्षाची शिक्षा होऊन ते तुरुंगात गेले. १८९८ च्या जानेवारीत ताई महाराजांना मुलगा झाला, आणि मार्चमध्ये ते मूल गेले. मृत्युपत्रातील 'तर' आता खरा झाला होता.

येथपर्यंतची हकीकत दुःखाची आहे, पण वादाची नाही. वाद पुढे उत्पन्न झाला. टिळक सुटून आल्यावर त्यांनी इस्टेटीच्या कारभारात हात घातला, कर्ज फेडण्यासाठी खर्चास आळा घातला, आणि १९०१ च्या जूनमध्ये दत्तकाचा प्रश्न मार्गी लावण्यासाठी ते, खापर्डे व ताई महाराज औरंगाबादेस गेले. घराण्याच्या तिकडील शाखेतील जगन्नाथ नावाच्या मुलास तेथे दत्तक घेण्यात आले, असे व्यवस्थापकांचे म्हणणे. पुण्यास परतल्यावर ताई महाराजांनी ते दत्तविधान नाकारले. आपल्यावर दडपण आणले गेले, असा त्यांचा पक्ष. ऑगस्टमध्ये त्यांनी बाळा महाराज नावाचा दुसरा मुलगा दत्तक घेतला. एका घराण्याला एका मृत्युपत्रातून दोन वारस मिळाले!

पुढची वाट न्यायालयांची. ताई महाराजांनी जिल्हा न्यायाधीश अ‍ॅस्टन यांच्यापुढे अर्ज करून व्यवस्थापकांस मिळालेले प्रोबेट रद्द करण्याची मागणी केली. मुलगा जन्मास आला तेव्हाच मृत्युपत्राचे प्रयोजन संपले, मग व्यवस्थापकांचा अधिकार उरला कोठे, असाही मुद्दा त्यात पुढे आला. एप्रिल १९०२ मध्ये अ‍ॅस्टनसाहेबांनी टिळकांविरुद्ध निकाल दिला, आणि तेवढ्यावर न थांबता खोटी साक्ष, खोटे दस्तऐवज इत्यादी आरोपांवरून त्यांच्यावर फौजदारी चालविण्याची वाट मोकळी केली. ऑगस्ट १९०३ मध्ये मॅजिस्ट्रेटने टिळकांस दीड वर्षाची सक्तमजुरी सांगितली; अपिलात सेशन्स न्यायाधीशाने ती सहा महिन्यांवर आणली; आणि मार्च १९०४ मध्ये मुंबई हायकोर्टात सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्यापुढे ती शिक्षा रद्द झाली. ज्याने मित्राच्या इस्टेटीतून स्वतःसाठी काही घेतल्याचा आरोपही टिकला नाही, त्याला मित्राचे शब्द पाळण्यापायी बेड्यांचे दर्शन घडले.

दिवाणी दावा तर निराळाच चालू होता. १९०६ साली खालच्या न्यायालयाने जगन्नाथाचे दत्तक खरे धरले. १९१० साली, टिळक मंडालेच्या तुरुंगात असता, मुंबई हायकोर्टाने तो निकाल फिरविला. अखेर २६ मार्च १९१५ रोजी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने हायकोर्टाचा निकाल रद्द करून औरंगाबादचे दत्तविधान कायम केले. लॉर्ड शॉ यांनी वाचलेल्या त्या निकालपत्राचा एक भाग आजही आपल्या न्यायालयांत आधार म्हणून सांगतात. साक्षीदाराच्या विरुद्ध जाणारा मजकूर त्याच्यापुढे ठेवून खुलासा विचारल्यावाचून त्याला खोटा ठरविणे रास्त नव्हे, हे त्यातले सूत्र. मृत्युपत्रापासून या निकालापर्यंत सुमारे साडेसतरा वर्षे लोटली होती. ज्यांच्या मांडीवर दत्तक द्यावयाचा त्या ताई महाराज तो निकाल ऐकण्यास हयात नव्हत्या. आणि एवढ्यानेही सारे संपले नाही. १९२० च्या जुलैत टिळक मुंबईस आले, ते याच प्रकरणाच्या कामासाठी. तेथेच ते आजारी पडले व १ ऑगस्ट रोजी त्यांचा अंत झाला.

या हकीकतीत दोष कोणाचा, हे ठरविण्याचा येथे हेतू नाही. टिळकांची सचोटी अखेरच्या न्यायालयात उजळून निघाली, ही इतिहासाची नोंद आहे. ताई महाराजांनाही केवळ हट्टी ठरवून मोकळे होणे मला रुचत नाही. ऐन तारुण्यात वैधव्य, त्यानंतर सात महिन्यांत पुत्रशोक, आणि आपल्या घरातला पैसा-पैसा आता परक्या पुरुषांच्या संमतीने खर्च व्हावयाचा, अशा स्थितीतील स्त्रीच्या मनात कोण काय भरवील व ती त्यास का भुलेल, हे समजण्यास फार मोठी सहानुभूती लागत नाही. माझ्या मते खरे पाहावयाचे ते त्या कागदाकडे.

त्या कागदात तीन उणिवा होत्या. पहिली, तो शेवटच्या दिवशी झाला. सांगणाऱ्यास पुन्हा वाचण्याची, बदलण्याची, किंवा 'असे झाले तर काय?' हा प्रश्न दुसऱ्यांदा विचारण्याची सवड उरली नव्हती. दुसरी, दत्तक घ्यावा असे त्यात होते, पण कोणत्या शाखेतला व कोणता मुलगा, याचा निर्देश नव्हता. ज्या एका निवडीवर घराण्याचे सारे भवितव्य अवलंबून, तीच मोकळी राहिली. तिसरी उणीव मला सर्वांत मोठी वाटते. मृत्युपत्र ताई महाराजांविषयी बोलते, ताई महाराजांशी बोलत नाही. मूल यावयाचे त्यांच्या मांडीवर, राहावयाचे त्यांच्या घरात, 'आई' म्हणावयाचे त्यांना. परंतु त्यांची पसंती व व्यवस्थापकांची संमती यांत मतभेद पडला तर काय करावे, याचा विचारच कोणी केला नव्हता. बाबा महाराजांनी हाच कागद दोन वर्षे आधी, धडधाकट असता, पत्नीस जवळ बसवून केला असता, तर कदाचित 'ताई महाराज प्रकरण' हे शब्द आपल्या कानांवर कधी आलेच नसते.

कोणी म्हणेल, एकाच उदाहरणावरून एवढा निष्कर्ष कशास? म्हणून आणखी दोन प्रसिद्ध मृत्युपत्रांचा निर्देश करतो. विठ्ठलभाई पटेल हे हिंदी मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष, मोठे मुत्सद्दी, आणि स्वतः बॅरिस्टर. १९३३ च्या ऑक्टोबरात स्वित्झर्लंडमध्ये आजारी असता त्यांनी मृत्युपत्र केले, आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेस ते वारले. उरलेली रक्कम हिंदुस्थानच्या राजकीय उन्नतीसाठी, शक्यतो परदेशातील प्रचारासाठी, सुभाषचंद्र बोस यांच्या स्वाधीन करावी, अशी त्यात इच्छा होती. हेतू स्वच्छ होता. परंतु 'राजकीय उन्नती' म्हणजे नेमके काय, हे न्यायालयास ठरविता येईना. १९३९ साली मुंबई हायकोर्टाने ती तरतूद संदिग्ध म्हणून निरर्थक ठरविली. जन्मभर कायदे हाताळणाऱ्या माणसाचा शेवटचा शब्द कायद्याच्या दारातच अडखळला.

कलकत्त्याचे प्रसन्नकुमार टागोर यांची गोष्ट याच्या उलट. ते नामांकित वकील. त्यांच्या मृत्युपत्रात घाईही नव्हती आणि संदिग्धताही नव्हती. मुलगा ज्ञानेंद्रमोहन ख्रिस्ती झाला म्हणून त्यास वगळून पुतण्या यतींद्रमोहन यास हयातीपुरती इस्टेट द्यावी, व पुढे ती पिढ्यान्‌पिढ्या केवळ पुरुषवंशातच चालावी, अशी साखळी त्यांनी मोठ्या कसोशीने जुळविली. १८७२ साली प्रिव्ही कौन्सिलने सांगितले, यतींद्रमोहनचा हयातीचा हक्क खरा. परंतु जे जन्मासच आले नाहीत त्यांस देणगी देता येत नाही, आणि शास्त्रास ठाऊक नसलेला नवा वारसाक्रम कोणाच्या लहरीने निर्माण होत नाही. पुतण्याच्या पश्चात इस्टेटीचा हक्क, ज्या मुलास वगळण्यासाठी हा सारा खटाटोप, त्याच्याकडेच वळला! त्याच प्रसन्नकुमारांनी कलकत्ता विद्यापीठात कायद्याच्या व्याख्यानांसाठी ठेवलेली देणगी मात्र टिकली, आणि 'टागोर व्याख्याने' कायद्याच्या अभ्यासकांत आजही मान्यता पावलेली आहेत. इच्छा निश्चित व आटोपशीर होती तेथे ती फळाला आली. पुढच्या पिढ्यांना मुठीत धरू पाहिले तेथे ती निसटली.

आता काळ बदलला आहे. दत्तकावाचून घराणे बुडते असे आज फारसे कोणी मानीत नाही. सरदारक्या गेल्या, प्रिव्ही कौन्सिलही गेले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने एकत्र कुटुंबातील आपल्या हिश्शाचेही मृत्युपत्र करण्याची मुभा मिळाली, आणि २००५ च्या दुरुस्तीने मुलगी मुलाच्या बरोबरीने सहदायाद झाली. मृत्युपत्रास मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो, नोंदणी ऐच्छिक आहे, दोन साक्षीदार पुरतात, आणि ते कितीही वेळा बदलता येते. इतके सुलभ असूनही आपण स्वस्थ का बसतो? बहुतेकांची समजूत अशी की, 'माझ्यामागे सगळे आपोआप बायकोचेच आहे.' ही समजूत चुकीची आहे. मृत्युपत्रावाचून हिंदू पुरुष वारला तर पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई, यांचे सारखे हिस्से होतात. राहत्या घराचे असे चार-पाच भाग झाले म्हणजे म्हातारपणी त्या बाईने कोणत्या भागात चूल मांडावयाची?

स्त्रीने मृत्युपत्र न केले तर त्याहूनही विपरीत घडू शकते. २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असा एक दावा आला. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेली, सासरच्यांनी घराबाहेर काढलेली, माहेरी शिकून नोकरी करणारी एक निपुत्रिक स्त्री मृत्युपत्र न करता वारली. तिच्या कष्टाच्या पैशावर माहेरच्यांनी हक्क सांगितला. तथापि त्या स्त्रीच्या कमाईचे वारस, कायद्याच्या शब्दांप्रमाणे, तिला घराबाहेर काढणारे सासरचेच ठरले. न्यायालयाचा निरुपाय होता. कायद्यास सहानुभूतीने वाकविता येत नाही. पण त्या बाईने एका कागदावर चार ओळी लिहिल्या असत्या, तर हा निरुपाय उत्पन्नच झाला नसता. ताई महाराजांच्या वतीने दुसऱ्यांनी लिहिले. या बाईच्या वतीने कायद्याने लिहिले. दोघींचा स्वतःचा शब्द कागदावर आला नाही तो नाहीच.

आता कबुली. इतिहास शिकविण्यात तीस वर्षे घालविलेल्या मला हे सारे ठाऊक असूनही, माझे स्वतःचे मृत्युपत्र गेल्या वर्षापर्यंत झालेले नव्हते. एका समवयस्क सहकाऱ्याच्या आकस्मिक निधनानंतर त्यांच्या पत्नी बँकेच्या पासबुकांचे गाठोडे घेऊन माझ्याकडे आल्या, तेव्हा कोठे मी जागा झालो. एका रविवारी दार लावून घेऊन मी मसुदा तयार केला. घर, ठेवी, ग्रंथ, सारे व्यवस्थित मांडले, आणि काहीशा अभिमानाने तो पत्नीस वाचून दाखविला. ती शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, "अहो, छान लिहिलंय. यात माझं नाव सहा वेळा आलं. पण मला काय हवंय, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत."

मी निरुत्तर झालो. बाबा महाराजांच्या कागदातील तिसरी उणीव वर्गात इतक्या वेळा सांगून झाल्यावर, मीही नेमकी तीच केली होती. फरक एवढाच की, विचारण्यास मला अजून वेळ होता. त्या संध्याकाळी आम्ही दोघे बोलत बसलो. मुलांना काय द्यावे याविषयी दहा मिनिटांत एकमत झाले. परंतु आपल्यापैकी एकजण मागे राहील तेव्हा त्याने कोठे व कसे राहावे, यावर बोलता बोलता रात्र झाली, आणि तीस वर्षांच्या संसारात एकमेकांस न सांगितलेल्या काही गोष्टी त्या दिवशी सांगून झाल्या. दुसरा मसुदा पहिल्यापेक्षा आखूड झाला. तिचेही मृत्युपत्र त्याच आठवड्यात झाले.

कपाटाच्या वरच्या खणात ते दोन कागद आता शेजारी शेजारी ठेवलेले आहेत, आणि ते कोठे आहेत हे मुलांना ठाऊक आहे.